इंग्लंडमध्ये चाइल्डमाइंडर होताय? विमा कोणता घ्यायचा आणि संघटनेचं सभासद व्हायचं का

इंग्लंडमध्ये स्वतःच्या घरी मुलं सांभाळायचं काम सुरू करायचं ठरलं, की ऑफस्टेडचा (शाळा आणि बालसंगोपन यांची तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेचा) अर्ज, प्रथमोपचाराचा कोर्स, डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची) तपासणी यांबद्दल सगळे भरभरून सांगतात. विम्याची गोष्ट निघाली की मात्र ‘घेऊन टाक कुठला तरी’ एवढ्यावर विषय संपतो. मग आपण इंटरनेटवर शोधायला बसतो. समोर सभासदत्व आणि विमा एकत्र विकणाऱ्या योजना येतात, नुसता विमा विकणाऱ्या कंपन्या येतात, आणि कशाचे पैसे आपण कशासाठी भरतोय तेच कळेनासं होतं.

मी हे काम माझ्या घरून करते. आपल्या मंडळाच्या गणपतीत किंवा शाळेच्या फाटकापाशी भेटणाऱ्या, भारतातून नुकत्याच आलेल्या मैत्रिणी मला फिरून फिरून दोनच प्रश्न विचारतात: स्वस्तातला विमा कोणता? आणि चाइल्डमाइंडरांच्या संघटनेचं सभासद होऊन पैसे भरायलाच हवेत का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. सभासदत्व सक्तीचं नाही, विमा मात्र सक्तीचा आहे. लहान मुलांच्या संगोपनासाठी सरकारने घालून दिलेली जी चौकट आहे, ती ईवायएफएस, तिच्यात स्पष्ट लिहिलंय की ज्या ज्या जागेत तुम्ही मुलं सांभाळता त्या सगळ्या जागांसाठी योग्य तो विमा तुमच्याकडे हवा. चाइल्डमाइंडरसाठी या चौकटीची वेगळी आवृत्ती जानेवारी २०२४ पासून लागू आहे. ती फुकट वाचायला मिळते, आणि वाचाच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र प्रत्येकीचं वेगळं आहे. तुमच्या कामाचा दिवस कसा असणार हे आधी ठरवा, त्या दिवसाला पुरेल असा विमा शोधा, आणि किंमत सगळ्यात शेवटी बघा. किमतीपासून सुरुवात केली तर वर्षाला थोडे पाउंड वाचतात, पण ज्या दिवशी विमा लागतो त्या दिवशी तो हाती नसतो.

पुढचं सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये नोंदणी करणाऱ्या संस्था आणि नियम वेगळे आहेत. स्कॉटलंडमध्ये केअर इन्स्पेक्टरेट, वेल्समध्ये केअर इन्स्पेक्टरेट वेल्स.

१. आधी बघा: हे काम करायची तुम्हाला मुभा आहे ना

विम्याच्या लेखात व्हिसा कशाला, असं वाटेल. पण काम बेकायदा असेल तर पॉलिसीचा कागद काही उपयोगाचा राहत नाही.

चाइल्डमाइंडिंग हा स्वयंरोजगार आहे. नवरा किंवा बायको स्किल्ड वर्कर व्हिसावर असेल आणि तुम्ही त्यांच्या डिपेंडंट असाल, तर तुम्हाला स्वयंरोजगार करता येतो. आपल्यातल्या बऱ्याच जणी याच गटात मोडतात. तुम्ही स्वतः स्टुडंट व्हिसावर असाल तर तो करता येत नाही. ग्रॅज्युएट व्हिसावर येतो.

दुसरी अट नोंदणीची. नात्यात नसलेलं आठ वर्षांखालचं मूल, स्वतःच्या घरी, दिवसातून दोन तासांहून जास्त वेळ, मोबदला घेऊन सांभाळायचं असेल तर ऑफस्टेडकडे किंवा एखाद्या मान्यताप्राप्त चाइल्डमाइंडर एजन्सीकडे नोंदणी करावीच लागते. आपल्या समाजात इथेच पाय घसरतो. ‘आपल्याच ओळखीची आहे, पुण्याची आहे, तिचं बाळ ठेवते रोज चार तास, देते ती थोडेफार पैसे.’ हे नोंदणीशिवाय करणं गुन्हा आहे. आणि नोंदणी नसेल तर चाइल्डमाइंडरचा कुठलाही विमा त्या बाळाच्या अपघाताला लागू होणार नाही. ओळख कितीही घट्ट असली तरी बाळाचं डोकं फुटलं की आईबाप आधी आईबाप असतात.

२. कागद घ्या आणि कामाचा दिवस लिहून काढा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. विमा कंपनी तुमच्याकडून हीच माहिती मागते, आणि धंद्याच्या विम्याला लागू असलेला २०१५ चा इन्शुरन्स ॲक्ट सांगतो की जोखमीवर परिणाम करणारी माहिती तुम्ही नीट, प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ‘त्यांनी विचारलंच नाही’ ही सबब नेहमी चालत नाही. मी पुढचे प्रश्न लिहून काढायला सांगते:

- मुलं किती आणि कोणत्या वयाची? एकट्या चाइल्डमाइंडरला साधारणपणे आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं ठेवता येतात. त्यांतली पाचखालची तीन, आणि एक वर्षाखालचं एक. काही अपवाद आहेत, पण ते चौकटीत नीट वाचून मगच वापरायचे. तुमची स्वतःची लहान मुलंही या आकड्यात धरतात. या मर्यादेच्या वर गेलात तर विमा कंपनी हात वर करू शकते.
- शाळेतून आणायचं-सोडायचं आहे का? पायी की गाडीने?
- बागेत, वाचनालयात, प्लेग्रुपला, पोहायला नेणार का?
- घरात कुत्रा-मांजर आहे का? परसात ट्रॅम्पोलिन, छोटं तळं, शेड?
- रात्री मुक्कामाला मुलं ठेवणार का? काही पॉलिसींत रात्रीसाठी वेगळी अट असते.
- मदतनीस ठेवणार का? पगारी, बिनपगारी, की घरातलंच कुणी?
- स्वतःच्या घराबाहेर, म्हणजे एखाद्या हॉलमध्ये किंवा मैत्रिणीच्या घरी काम करणार का?
- एखाद्या मुलाला औषध द्यावं लागणार का? ॲड्रेनालिनचं पेन, इन्सुलिन, नळीने अन्न?
- जेवण तुम्ही बनवणार की डबा येणार?

औषधांचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. साधं पॅरासिटामॉल देतानाही पालकांची लेखी परवानगी लागते. इन्सुलिन किंवा नळीचं अन्न अशा गोष्टींसाठी बऱ्याच विमा कंपन्यांना आधी कळवावं लागतं आणि त्यासाठीचं प्रशिक्षण झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. मूल घ्यायच्या आधी फोन करा. मूल रुळल्यावर ‘आता कसं नाही म्हणू’ अशी अडचण होते.

आणि जेवणाचा मुद्दा आपल्या स्वयंपाकघरापुरता खास आहे. आपण उसळीत, कोशिंबिरीत, खिचडीत, चटणीत शेंगदाण्याचं कूट सवयीने घालतो. संक्रांतीला तिळगूळ, चटणीत तीळ. इथल्या कायद्याने ठरवलेल्या चौदा ॲलर्जनांमध्ये शेंगदाणे आणि तीळ दोन्ही आहेत. तुम्ही दिलेल्या अन्नाने मुलाला त्रास झाला तर तो धोका सहसा ‘प्रॉडक्ट लायबिलिटी’ नावाच्या कलमात येतो. ते कलम पॉलिसीत आहे ना, ते बघा. पण विम्यापेक्षा आधी स्वयंपाकघर बदला. माझ्या घरी मुलं असण्याच्या वेळेत कुटाचा डबा ओट्यावर येत नाही, आणि प्रत्येक पालकाकडून ॲलर्जीचा तक्ता पहिल्या दिवसाआधी लिहून घेते. मुलं खात असताना ती नजरेच्या आणि कानाच्या टप्प्यात असायलाच हवीत, हा नियम चौकटीत आहे.

३. विम्यात काय काय असतं ते समजून घ्या

‘पब्लिक लायबिलिटी’ हा मुख्य भाग. तुमच्या हलगर्जीमुळे एखाद्या मुलाला, पालकाला किंवा बाहेरच्या माणसाला इजा झाली, किंवा त्यांच्या वस्तूचं नुकसान झालं आणि त्यांनी भरपाई मागितली, तर ती भरपाई आणि वकिलाचा खर्च यातून निघतो. मर्यादा सहसा ५० लाख किंवा १ कोटी पाउंड असते. आकडा अवाढव्य वाटतो, पण लहान मुलाला मेंदूची कायमची इजा झाली तर त्याच्या आयुष्यभराच्या देखभालीचा खर्च धरला जातो, म्हणून तो तसा आहे. सरकारी अनुदानाचे तास (ज्यांचे पैसे सरकार भरतं) देणार असाल तर तुमची काउन्सिल, म्हणजे स्थानिक पालिका, किती मर्यादेचा विमा मागते ते करारात बघून घ्या.

‘एम्प्लॉयर्स लायबिलिटी’ हा दुसरा भाग. मदतनीस ठेवलीत की हा कायद्याने सक्तीचा होतो. कायदा १९६९ चा आहे, किमान मर्यादा ५० लाख पाउंड, आणि हा विमा नसेल तर दिवसाला २,५०० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. नवरा, आई-वडील, मुलं अशा जवळच्या नातलगालाच कामावर ठेवलं असेल तर यातून सूट मिळते. पण तुम्ही लिमिटेड कंपनी काढली असेल तर ती सूट जाते. बिनपगारी मदतनीसही काही वेळा यात धरली जाते, तेव्हा कंपनीला विचारून उत्तर लेखी घ्या.

बाकीचे भाग कमी-जास्त गरजेचे. कायदेशीर खर्चाचं संरक्षण मला महत्त्वाचं वाटतं. कुणी तुमच्याविरुद्ध आरोप केला, ऑफस्टेडने नोंदणी स्थगित केली, तर वकील लागतो आणि त्याच वेळी कमाई थांबलेली असते. पण ते कलम नेमकं कशाला लागू आहे ते बघा: फक्त भरपाईच्या दाव्यांना, की ऑफस्टेडच्या कारवाईलासुद्धा? खेळणी, प्रॅम, कार सीट यांच्या विम्याची गरज तुमच्याकडे किती सामान आहे त्यावर ठरते.

एक गैरसमज फार ऐकते. मुलाने तुमचा टीव्ही फोडला तर पब्लिक लायबिलिटी त्याचे पैसे देत नाही. ती दुसऱ्यांच्या नुकसानीसाठी असते. तुमच्या स्वतःच्या वस्तूंसाठी वेगळं कलम लागतं.

४. तीन फोन: घरमालक, घराचा विमा, गाडीचा विमा

हे तीन फोन चाइल्डमाइंडरचा विमा घ्यायच्या आधी करा.

भाड्याचं घर असेल तर घरमालकाची किंवा एजंटची लेखी परवानगी घ्या. स्वतःचा फ्लॅट लीजवर असेल तर लीजमध्ये धंद्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. घरावर कर्ज असेल तर बँकेलाही कळवा.

घराच्या विम्याच्या कंपनीला सांगा की मी नोंदणीकृत चाइल्डमाइंडर होणार आहे. काही कंपन्या फुकट नोंद करून घेतात. काही चोरीच्या कलमात बदल करतात, म्हणजे घर फोडून आत शिरल्याची खूण असेल तरच चोरीचे पैसे मिळतात, कारण आता घरात बाहेरची माणसं येतात-जातात. काही सरळ नाही म्हणतात, मग दुसरी कंपनी शोधावी लागते. न सांगता राहिलात तर पुढे स्वयंपाकघरात आग लागली तरी मुलांशी संबंध नसलेला तो दावासुद्धा अडचणीत येऊ शकतो.

गाडीत मुलांना बसवणार असाल तर तुमच्या गाडीच्या विम्यात ‘बिझनेस यूज’ हवा. ‘सोशल, डोमेस्टिक अँड प्लेझर’ एवढंच असेल तर पैसे घेऊन सांभाळत असलेल्या मुलांना शाळेत सोडणं त्यात येत नाही. घरातलं दुसरं कुणी कधीतरी मुलांना गाडीने आणणार असेल तर त्यांच्या नावापुढेही हा वापर लिहून घ्या. मुलं १२ वर्षांची किंवा १३५ सेंटीमीटर उंचीची होईपर्यंत कार सीट लागतेच, आणि अपघात झालेली सीट पुन्हा वापरायची नाही. सेकंड हँड सीट घेताना तिचा इतिहास माहीत नसेल तर ती घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

तिन्ही फोननंतर उत्तर ईमेलवर मागा आणि जपून ठेवा.

५. किमान तीन दर मागवा आणि एकाच तक्त्यात मांडा

चाइल्डमाइंडरसाठी विमा देणाऱ्यांमध्ये मॉर्टन मिशेल हे या क्षेत्रातलं जुनं नाव आहे. ते मुलांच्या संगोपनाशी संबंधित विमेच बघतात. शिवाय संघटनांमार्फत मिळणारे विमे असतात, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते. ज्या कंपनीचं किंवा दलालाचं नाव आधी ऐकलेलं नाही, ती एफसीएच्या (विमा आणि वित्त कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) सार्वजनिक नोंदवहीत आहे का ते पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

तक्त्यात एवढे रकाने करा: वर्षाची एकूण किंमत, पब्लिक लायबिलिटीची मर्यादा, मदतनीसांचा समावेश, घराबाहेरचं काम, रात्रीचा मुक्काम, औषधं, कायदेशीर खर्च, एक्सेस म्हणजे दाव्यातला तुमच्या खिशातून जाणारा पहिला हिस्सा, आणि दाव्याचा प्रकार.

किंमत लिहिताना इन्शुरन्स प्रीमियम टॅक्स धरून लिहा. तो १२ टक्के आहे, आणि कधीकधी जाहिरातीतल्या किमतीत तो नसतो. दलालाची फी, मासिक हप्त्यावरचं व्याज, पॉलिसी रद्द केली तर कापले जाणारे पैसे हेही विचारा. जमत असेल तर वर्षाचे पैसे एकदम भरा.

आता दाव्याचा प्रकार. माझ्या मते तक्त्यातला हा सर्वांत मोलाचा रकाना आहे आणि सगळ्यात कमी वेळा भरला जातो.

काही पॉलिसींत घटना ज्या दिवशी घडली त्या दिवशी चालू असलेली पॉलिसी दावा भरते, मग दावा कितीही वर्षांनी येवो. काही पॉलिसींत दावा ज्या दिवशी येतो त्या दिवशी चालू असलेली पॉलिसी भरते. मोठ्या माणसाच्या बाबतीत फरक फारसा जाणवणार नाही. मुलांच्या बाबतीत जाणवतो, कारण इंग्लंड आणि वेल्समध्ये इजा झालेल्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर पुढे तीन वर्षं, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वाढदिवसापर्यंत, भरपाईचा दावा करता येतो. २०२४ मध्ये जन्मलेलं बाळ आज तुमच्या जिन्यावरून पडलं, तर त्याचा दावा २०४५ पर्यंत येऊ शकतो. तोवर तुम्ही हे काम सोडलेलं असेल, कदाचित भारतात परतलेल्याही असाल.

पहिल्या प्रकारच्या पॉलिसीत तुम्ही सुरक्षित असता, पण ती पॉलिसी तुमच्याकडे होती हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून प्रत्येक वर्षाचं प्रमाणपत्र आणि प्रत्येक अपघाताची नोंद ते मूल एकवीस वर्षांचं होऊन थोडे महिने जाईपर्यंत सांभाळा. दुसऱ्या प्रकारची पॉलिसी असेल तर कंपनी बदलताना आणि काम बंद करताना मागच्या काळाचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. विक्रेत्याला सरळ विचारा: ‘मी काम बंद केल्यावर दहा वर्षांनी दावा आला तर कोण भरणार?’ उत्तर लेखी हवं.

दर मागवताना मिळणारं दोन-तीन पानी माहितीपत्रक वाचा, आणि त्यातला ‘काय धरलेलं नाही’ हा भाग दोनदा वाचा. इंग्रजी जड वाटत असेल तर फोन करा आणि आपली परिस्थिती एकेक करून सांगा. उच्चारांचा संकोच करू नका, तुम्ही गिऱ्हाईक आहात.

६. सभासदत्वाचा निर्णय वेगळा घ्या

या क्षेत्रातली सर्वांत ओळखीची संघटना पेसी. ती १९७७ मध्ये नॅशनल चाइल्डमाइंडिंग असोसिएशन म्हणून सुरू झाली, २०१३ मध्ये तिचं नाव बदललं, आणि आता ती कोरम या मुलांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेचा भाग आहे. कोरमची मुळं १७३९ सालच्या लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलपर्यंत जातात. दुसरी अर्ली इयर्स अलायन्स. १९६१ मध्ये आयांनी मिळून चालवलेल्या प्लेग्रुपांच्या चळवळीतून ती उभी राहिली. ती नर्सऱ्यांची संघटना म्हणून जास्त ओळखली जाते, पण चाइल्डमाइंडरनाही सभासद करून घेते. तिसरी चाइल्डमाइंडिंग यूके, फक्त चाइल्डमाइंडरसाठी काम करणारी धर्मादाय संस्था. स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश चाइल्डमाइंडिंग असोसिएशन आहे.

सभासदत्वात साधारण काय मिळतं? पालकांशी करायच्या कराराचे आणि परवानगीपत्रांचे तयार नमुने, कायदेशीर सल्ल्याची फोनलाइन, स्वस्तात किंवा फुकट प्रशिक्षण, नियम बदलले की त्याची सोप्या भाषेतली माहिती, आणि सरकारसमोर आपली बाजू मांडणारं कुणीतरी. शेवटची गोष्ट पैशात मोजता येत नाही, पण मला ती मनापासून महत्त्वाची वाटते. एकेकट्या घरात काम करणाऱ्या बायकांचं म्हणणं एरवी कुणाच्या कानावर जात नाही.

निर्णय असा घ्या. वर्षभरात यातल्या कोणत्या गोष्टी खरोखर वापराल त्यावर खूण करा. इथल्या करारांची, पालकांशी पैशांबद्दल बोलण्याची, नोटीस देण्याची सवय नसेल, तर पहिल्या वर्षी सभासदत्वाचे पैसे वसूल होतात असं माझं मत आहे. तयार करारामुळे आणि फोनलाइनमुळेच होतात. ‘मूल आजारी असलं तर त्या दिवसाचे पैसे द्यायचे का’ या एका वाक्यावरून किती नाती बिघडलेली मी पाहिली आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मात्र पुन्हा खुणा करून बघा. काउन्सिलची अर्ली इयर्स टीम बरंचसं प्रशिक्षण फुकट किंवा नाममात्र दरात देते, आणि सरकारची मार्गदर्शक पानं तर मोफतच असतात.

एकत्रित योजना घेताना दोन गोष्टी विचारा. सभासदत्व सोडलं तर विमाही त्याच दिवशी संपतो का? आणि कायदेशीर सल्ल्याची लाइन विम्यातही आहे आणि सभासदत्वातही, असं होऊन एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जातायत का?

एजन्सीमार्फत नोंदणी करत असाल, उदाहरणार्थ टायनीसारख्या, तर त्यांच्या शुल्कात विमा, प्रशिक्षण आणि नमुने यांतलं काय काय धरलंय ते आधी लेखी घ्या. मग वेगळं काही घ्यायचं की नाही ते ठरवा.

७. विकत घ्या, पण तारीख नीट ठरवून

पॉलिसी पहिल्या मुलाच्या पहिल्या दिवसाच्या आधी चालू झालेली हवी. मूल रुळावं म्हणून आई सोबत येऊन तासभर बसते तो दिवसही यातच धरा, कारण तुमच्या पायरीवर तीच आई घसरू शकते. उलट ऑफस्टेडच्या नोंदणीला काही महिने लागू शकतात, तेव्हा फार आधी घेतलात तर न वापरलेल्या महिन्यांचे पैसे जातात. दर हातात तयार ठेवा आणि नोंदणी पक्की झाली की सुरू करा.

प्रमाणपत्रावरचं नाव, पत्ता आणि नोंदणीतली माहिती जुळते ना ते पाहा. बऱ्याच पॉलिसींत विचार बदलायला १४ दिवस मिळतात, तुमच्या पॉलिसीत आहेत का ते त्याच दिवशी वाचा. प्रीमियम, सभासदत्वाची वर्गणी, प्रथमोपचाराच्या नूतनीकरणाची फी हे सगळे धंद्याचे खर्च आहेत. सेल्फ असेसमेंटमध्ये, म्हणजे स्वतः भरायच्या कर-विवरणात, ते दाखवता येतात, म्हणून पावत्या ठेवा. एचएमआरसीकडे, म्हणजे कर खात्याकडे, नोंद करायची मुदत, काम सुरू केलं ते कर-वर्ष संपल्यानंतर येणारी ५ ऑक्टोबर.

मुलांचे फोटो फोनवर काढून पालकांना पाठवणार असाल, मुलांची माहिती लॅपटॉपवर ठेवणार असाल, तर आयसीओचं, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणावर देखरेख करणाऱ्या संस्थेचं, डेटा शुल्कही भरावं लागतं. ते विम्याचा भाग नाही, पण अंदाजपत्रकात धरा: सर्वांत खालच्या गटासाठी वर्षाला ५२ पाउंड, डायरेक्ट डेबिटने भरलं तर ४७.

भारतातून आई-बाबा आले की

हा सापळा आपल्या घरांसाठी खास आहे, म्हणून वेगळा लिहिते. आई किंवा सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर येतात. त्यांना मुलांची माया असते, हात रिकामे बसत नाहीत. पण व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही, बिनपगारीसुद्धा नाही. त्यांना मदतनीस म्हणून वापरू नका. त्यांची डीबीएस तपासणी झालेली नसते, त्यामुळे ‘पाच मिनिटं बघा हं, मी पार्सल घेऊन येते’ हेसुद्धा करू नका. त्या पाच मिनिटांत काही झालं तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न असेल, मूल कोणाच्या ताब्यात होतं. घरात राहणाऱ्या सोळा वर्षांवरच्या सर्वांची माहिती ऑफस्टेडला द्यावी लागते. पाहुणे लांब मुक्कामाला येणार असतील तर ते यात धरले जातील का, हे तिकीट काढतानाच ऑफस्टेडला विचारून घ्या. पालकांनाही आधी सांगा.

अपघात झालाच तर

आधी मूल. प्रथमोपचार, गरज असेल तर ९९९. मग पालकांना फोन. मग त्याच दिवशी, आठवण ताजी असताना लिहून काढा: वेळ, जागा, काय दिसलं, काय केलं, कोण हजर होतं. पालकांची सही घ्या. त्यांना सगळं खरं सांगा, काळजी व्यक्त करा, पण ‘माझीच चूक, मी सगळा खर्च देते’ असं बोलू किंवा लिहू नका. जबाबदारी कबूल करण्याआधी कंपनीला विचारायचं अशी अट बहुतेक पॉलिसींत असते. कंपनीला लगेच कळवा, दावा येईल असं वाटत नसलं तरी. गंभीर इजा किंवा आजार असेल तर ऑफस्टेडलाही शक्य तितक्या लवकर, आणि जास्तीत जास्त १४ दिवसांत कळवावं लागतं.

कंपनीने दावा नाकारला आणि तुम्हाला ते अन्यायाचं वाटलं, तर आधी त्यांच्याकडेच लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे (आर्थिक कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) जाता येतं. छोट्या धंद्यांनाही ही सोय आहे आणि तिचे पैसे पडत नाहीत.

हाताशी ठेवायची कागदपत्रं

- ऑफस्टेडचं किंवा एजन्सीचं नोंदणी प्रमाणपत्र
- तुमचं आणि घरातल्या सोळावरच्या सर्वांचं डीबीएस
- लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र (बारा तासांचा पूर्ण कोर्स, दर तीन वर्षांनी नवा)
- घरमालकाची किंवा बँकेची परवानगी, घराच्या आणि गाडीच्या विमा कंपनीचे ईमेल
- दुसऱ्या पायरीत लिहिलेला दिवसाचा कागद, तारखेसह
- तीन दरांचा तक्ता आणि प्रत्येकाचं माहितीपत्रक
- चालू पॉलिसी आणि मागच्या सगळ्या वर्षांची प्रमाणपत्रं
- मदतनीस असेल तर एम्प्लॉयर्स लायबिलिटीचं प्रमाणपत्र, तिला सहज दिसेल असं
- अपघात, औषधं आणि ॲलर्जी यांच्या नोंदी, पालकांच्या सह्यांसह

विमा संपायच्या महिनाभर आधी फोनमध्ये आठवण लावा. तो दिवसाचा कागद पुन्हा काढा आणि काय बदललं ते लाल पेनाने लिहा: नवं कुत्र्याचं पिल्लू, नवी मदतनीस, ॲलर्जीचं एखादं मूल, हॉलमध्ये सुरू केलेला शनिवारचा वर्ग. बदल कंपनीला कळवा, दोन नवे दर मागवा, आणि त्यानंतरच नूतनीकरणाला हो म्हणा.